मोबाइलवरच्या जीमेलमधून साइन आउट होताना

दोन वर्षांपूर्वी मी नवा फोन घेतला आणि जुना फोन मामेबहिणीला वापरायला दिला. देण्यापूर्वी सिम काढले, फोटो पुसले, मेसेज पुसले आणि फोन कोरा झाल्याची खात्रीही करून घेतली. महिनाभरात माझ्या नव्या फोनच्या संपर्कयादीत 'पिंकी रिक्षाकाका', 'गॅसवाला नवीन', 'शिवणक्लास ताई' अशी मी कधीही न साठवलेली नावे दिसू लागली. बहीण जो जो क्रमांक साठवत होती तो माझ्या जीमेल खात्यात जमा होऊन तिथून माझ्या फोनवर उतरत होता. आणि त्याच न्यायाने मला येणारा प्रत्येक ईमेल, बँकेच्या विवरणपत्रासकट, तिच्या फोनवर पोहोचत होता. फोनमधले सगळे पुसले होते, फक्त खात्यातून बाहेर पडायचे राहून गेले होते.

अशी चूक होण्याचे एक साधे कारण आहे. अँड्रॉइड फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये 'साइन आउट' असे लिहिलेले बटण शोधूनही सापडत नाही. जीमेल 2004 साली सुरू झाले तेव्हा ते संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडले जाई. काम झाले की साइन आउट करायचे आणि उठायचे, अशी पद्धत होती. 2008 साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि ही पद्धत बदलली. तिथे गूगल खाते एकट्या जीमेलचे राहत नाही, ते संपूर्ण फोनला जोडले जाते आणि जीमेल, प्ले स्टोअर, यूट्यूब, ड्राइव्ह, कॅलेंडर, संपर्क ही सगळी ॲप त्याच एका जोडणीवर चालतात. त्यामुळे एकट्या जीमेलमधून बाहेर पडण्याची सोय तिथे नाही. बाहेर पडायचे म्हणजे ते खाते त्या फोनवरून काढून टाकायचे.

'काढून टाकणे' या शब्दांनी नवखा माणूस दचकतो, म्हणून एक फरक आधीच समजून घ्यावा. फोनवरून खाते काढणे, म्हणजे इंग्रजीतले 'रिमूव्ह अकाउंट', ही क्रिया फक्त त्या फोनपुरती असते. ईमेल, पत्ते आणि फाइली गूगलकडे जशाच्या तशा राहतात आणि पुन्हा साइन इन केले की परत दिसतात. गूगल खातेच कायमचे बंद करणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तिचा पर्याय खात्याच्या वेबपानावर 'डेटा अँड प्रायव्हसी' या विभागात असतो, आणि साइन आउट करण्यासाठी त्या विभागात जाण्याची गरजच पडत नाही. तिथे पोहोचलात, तर रस्ता चुकला असे समजून मागे फिरावे.

बटण दाबण्यापूर्वी

माझ्या मते या कामाचा खरा भाग हाच आहे, कारण प्रत्यक्ष खाते काढायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि नंतरची धावपळ मात्र दोन-तीन दिवस पुरते.

सर्वप्रथम पासवर्ड आठवतो का, हे पाहावे. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने खाते उघडून दिले, पासवर्डही त्यानेच टाकला, आणि त्यानंतर तो कधी लागलाच नाही, अशी स्थिती अनेक घरांत असते. खाते काढल्यावर परत येताना पासवर्ड लागणारच. तो तपासण्यासाठी त्याच फोनवर क्रोम उघडून उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधून 'न्यू इनकॉग्निटो टॅब', म्हणजे साइन इनची नोंद मागे न ठेवणारा टॅब, घ्यावा, 'अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम' हा पत्ता टाकावा आणि आपला ईमेल पत्ता व पासवर्ड देऊन आत जाता येते का ते पाहावे. जाता आले नाही, तर 'फरगॉट पासवर्ड' या मार्गाने आत्ताच नवा पासवर्ड ठरवून घ्यावा. फोनवर खाते चालू असताना हे काम फार सोपे जाते, कारण खात्री पटवण्यासाठी गूगल बहुधा त्याच फोनवर विचारणा पाठवते.

आता हीच सोय पुढे अडचण कशी होते, तेही पाहावे. ज्यांनी दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली आहे, त्यांना पासवर्डनंतर 'साइन इन करणारे तुम्हीच ना?' असा प्रश्न फोनवर येतो आणि 'होय' दाबावे लागते. खाते ज्या फोनवरून काढले, त्या फोनवर हा प्रश्न येणार नाही. म्हणून खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आजही आपल्याच वापरात आहे ना, हे 'सिक्युरिटी' विभागात तपासावे, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर 'बॅकअप कोड्स' या पर्यायातून मिळणारे दहा संकेतांक कागदावर उतरवून ठेवावेत. प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो. कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवावा. फोनच्या कव्हरमागे खोचून ठेवू नये, कारण फोन गेला की तोही त्याच्याबरोबर जातो.

नंतर संपर्क. आपण नवा क्रमांक साठवतो तेव्हा तो सिमवर, फोनमध्ये किंवा गूगल खात्यात, यांपैकी एका जागी जातो. खात्यात साठवलेले क्रमांक खाते काढताक्षणी त्या फोनवरून नाहीसे होतात; फोनमध्ये किंवा सिमवर साठवलेले राहतात. नाहीसे झालेले क्रमांक खात्यात सुरक्षित असतात, परंतु शेवटची देवाणघेवाण, म्हणजे 'सिंक', झालेली असेल तरच. त्यामुळे फोनला इंटरनेट जोडून सेटिंग्जमध्ये आपल्या खात्यावर जावे, 'अकाउंट सिंक' उघडावे आणि तीन ठिपक्यांमधून 'सिंक नाऊ' दाबावे. जीमेलमधला 'आउटबॉक्स' हा कप्पाही एकदा उघडून पाहावा. नेट नसताना पाठवलेला एखादा ईमेल तिथे अडकलेला असतो, तो अजून गूगलपर्यंत पोहोचलेलाच नसतो आणि खाते काढले की जातो तो जातोच.

फोटोंची गोष्ट थोडी वेगळी आहे. फोनमध्ये असलेले फोटो खाते काढल्याने पुसले जात नाहीत. पण गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' दाबून जागा मोकळी केली असेल, तर जुने फोटो फक्त खात्यात उरलेले असतात, आणि ते त्या फोनवर दिसेनासे होतात.

व्हॉट्सॲप मोबाइल क्रमांकावर चालते, त्यामुळे ते बंद पडत नाही. मात्र अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगल खात्यात जातो, तो थांबतो. गूगल पे हे गूगल खात्याशीच बांधलेले असल्याने पुन्हा सुरू करावे लागते. बाजारात भाजीवाल्यासमोर उभे राहून हे कळण्यापेक्षा घरीच कळलेले बरे.

अँड्रॉइड फोनवर

जीमेल ॲप उघडावे. वर उजव्या कोपऱ्यात एक लहान वर्तुळ दिसते, त्यात आपला फोटो किंवा नावाचे पहिले अक्षर असते. त्यावर एकदा दाबावे. एक चौकट उघडते आणि या फोनवर जोडलेली सर्व गूगल खाती तिच्यात एकाखाली एक दिसतात. त्यांच्या खाली, यादीच्या शेवटी, 'मॅनेज अकाउंट्स ऑन धिस डिव्हाइस' असा पर्याय असतो. फोन मराठीत वापरत असाल तर तो 'या डिव्हाइसवरील खाती व्यवस्थापित करा' असा दिसेल. तो दाबल्यावर फोनच्या सेटिंग्जमधले खात्यांचे पान उघडते. जीमेलमधून निघून सेटिंग्जमध्ये आलो म्हणून बावरू नये. काम तिथेच होते.

या पानावर ज्या खात्यातून बाहेर पडायचे आहे, त्याचा पूर्ण पत्ता वाचून मगच त्यावर दाबावे. घरात एका फोनवर वडिलांचे, मुलाचे आणि मुलाच्या कॉलेजचे अशी तीन खाती असतात आणि तिन्हींत आडनाव तेच असते, त्यामुळे घाईत चुकीचे खाते काढले जाते. खाते उघडल्यावर 'रिमूव्ह अकाउंट' किंवा 'खाते काढून टाका' हे बटण दिसेल. काही फोनवर ते तीन ठिपक्यांमागे किंवा 'मोअर' या शब्दामागे असते.

बटण दाबल्यावर फोन एक इशारा देतो. त्याचा आशय असा असतो, की हे खाते काढल्यास त्याचे सर्व संदेश, संपर्क आणि इतर माहिती फोनवरून पुसली जाईल. बहुतेक नवखे याच वाक्यापाशी थांबतात आणि फोन घरातल्या लहान मुलाच्या हाती देतात. त्या वाक्यातला 'फोनवरून' हा शब्द महत्त्वाचा आहे; खात्यातून काही पुसले जात नाही. शिवाय 'संदेश' म्हणजे इथे ईमेल. बँकेचे आणि ओटीपीचे जे एसएमएस फोनमध्ये आहेत, त्यांना धक्का लागत नाही. आधीची तयारी झाली असेल, तर निःशंकपणे पुन्हा 'रिमूव्ह अकाउंट' दाबावे. फोनवर ते एकच खाते असेल, तर फोनचा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तिथे ईमेलचा पासवर्ड द्यायचा नसून स्क्रीन उघडायचा द्यायचा असतो. या दोहोंची गल्लत फार वेळा होते.

जीमेल उघडतच नसेल, तर थेट सेटिंग्जमधून जाता येते. या पानाचे नाव फोनगणिक बदलते: सॅमसंगमध्ये 'अकाउंट्स अँड बॅकअप', शाओमीमध्ये 'अकाउंट्स अँड सिंक', इतर अनेक फोनवर 'पासवर्ड्स अँड अकाउंट्स'. नावे पाठ करण्याऐवजी सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'अकाउंट' टाइप करावे, पान लगेच सापडते. ऑफिसने दिलेले खाते मात्र सहसा वेगळ्या 'वर्क' कप्प्यात असते. ते काढल्यास ऑफिसची ॲप आणि त्यांतली माहितीही फोनवरून जाऊ शकते, म्हणून आधी ऑफिसच्या संगणक विभागाला विचारावे.

जीमेल ॲप अनइन्स्टॉल किंवा 'डिसेबल' केले म्हणजे साइन आउट झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. तसे होत नाही. चित्र पडद्यावरून जाते, खाते फोनला जोडलेलेच राहते आणि संपर्कांची देवाणघेवाण चालूच राहते.

ईमेलच्या सूचनांची सतत वाजणारी घंटा एवढाच त्रास असेल, तर खाते काढण्याचे कारणच नाही. जीमेलमध्ये डावीकडच्या तीन आडव्या रेघा दाबून 'सेटिंग्ज' मध्ये जावे, आपले खाते निवडावे आणि 'नोटिफिकेशन्स' समोर 'नन' ठेवावे. ईमेल येत राहतील, पण फोन वाजणार नाही. त्याच पानावरचा 'सिंक जीमेल' हा चौकोन रिकामा केला, तर नवे ईमेल आपोआप उतरणेही थांबते आणि संपर्क, प्ले स्टोअर वगैरे बाकीचे सर्व पूर्ववत चालते. निवृत्त मंडळींनी मला साइन आउटबद्दल विचारले, की मी आधी हाच उपाय सुचवतो आणि दहापैकी बहुतेकांचे काम त्यावरच भागते.

आयफोनवर

आयफोनवर जीमेलचे ॲप वापरत असाल, तर पायऱ्या जवळपास त्याच आहेत: उजव्या कोपऱ्यातले वर्तुळ, मग खाती व्यवस्थापित करण्याचा पर्याय, आणि मग 'रिमूव्ह फ्रॉम धिस डिव्हाइस'. परंतु ॲपलच्या स्वतःच्या 'मेल' ॲपमध्येही तेच खाते जोडलेले असेल, तर ते तिथे तसेच राहते; एकीकडून काढले म्हणून दुसरीकडून जात नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'मेल' आणि त्यात 'अकाउंट्स' येथे जावे. आयओएस 18 पासून 'मेल' हे 'ॲप्स' या विभागाच्या आत ठेवलेले आहे. खाते निवडल्यावर शेवटी लाल अक्षरांत 'डिलीट अकाउंट' दिसते. इथे 'डिलीट' या शब्दाने घाबरू नये: ॲपलच्या या पानावर त्याचा अर्थ आयफोनवरून काढणे एवढाच आहे. त्याच पानावर 'मेल', 'कॉन्टॅक्ट्स', 'कॅलेंडर्स' यांसमोर वेगवेगळी बटणे असतात. फक्त 'मेल' बंद करून संपर्क चालू ठेवण्याची ही सोय चांगली आहे.

आउटलुक आणि याहू यांच्या ॲपमध्येही तत्त्व हेच. आपल्या नावाच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये किंवा खात्यांच्या यादीत जाऊन त्या उपकरणावरून खाते काढायचे.

दुसऱ्याच्या फोनवर ईमेल उघडला असेल तर

प्रवेश अर्जाची मुदत संध्याकाळी संपते, आपला फोन बंद पडलेला असतो, आणि शेजाऱ्याच्या फोनवर ईमेल उघडावा लागतो. अशा वेळी शेजाऱ्याच्या जीमेल ॲपमध्ये 'ॲड अनदर अकाउंट' करून आत शिरू नये, कारण तसे केल्यास आपले खाते त्यांच्या संपूर्ण फोनला जोडले जाते. त्याऐवजी क्रोममध्ये इनकॉग्निटो टॅब, किंवा आयफोनच्या सफारीत 'प्रायव्हेट' टॅब उघडून तिथे साइन इन करावे, काम झाल्यावर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या वर्तुळावर दाबून साइन आउट करावे आणि तसे सर्व टॅब बंद करावेत. अशा टॅबमधली साइन इनची नोंद टॅबबरोबरच संपते. उतरवून घेतलेली फाइल मात्र त्यांच्या 'डाउनलोड्स' मध्ये राहते, ती आठवणीने पुसावी. साध्या टॅबमध्ये ईमेल उघडला असेल, तर साइन आउट केल्यावरही आपला पत्ता यादीत दिसत राहतो. 'रिमूव्ह ॲन अकाउंट' दाबून तोही काढावा.

झेरॉक्सच्या दुकानात फक्त प्रिंट हवी असेल, तर तिथे साइन इन करण्याची गरजच नसते. दुकानाचा ईमेल पत्ता भिंतीवर लिहिलेला असतो, त्यावर फाइल पाठवून द्यावी.

फोन विकताना, आणि हरवल्यावर

फोन विकायचा असेल, तर खाते काढणे आणि फॅक्टरी रीसेट करणे, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करणे, या दोन्ही गोष्टी याच क्रमाने कराव्यात. 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 5.1 पासून फोनमध्ये चोरीविरुद्ध एक कुलूप असते, ज्याला दुकानांत 'एफआरपी' किंवा नुसते 'गूगल लॉक' म्हणतात. खाते जोडलेले असताना कोणी बाजूची बटणे दाबून फोन रीसेट केला, तर सुरू होताना तो आधीच्याच खात्याचा पासवर्ड किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो आणि त्याशिवाय पुढे जात नाही. घेणाऱ्याचे पैसे दिलेले असतात, फोन उघडत नाही, आणि मग रात्री साडेदहाला आपल्याला दूरध्वनी येतो. फोनच्या कंपनीचे वेगळे खाते, उदाहरणार्थ सॅमसंगचे किंवा शाओमीचे, जोडलेले असेल तर तेही काढावे.

फोन हरवला किंवा चोरीला गेला, तर दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून साइन आउट करता येते. 'मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम' या पत्त्यावर जाऊन 'सिक्युरिटी' विभागातले 'युअर डिव्हाइसेस' उघडावे, हरवलेल्या फोनचे नाव निवडावे आणि 'साइन आउट' दाबावे. घाईघाईने मात्र हे करू नये. गूगलच्या सेवेने फोन नकाशावर शोधायचा असेल, तर त्यावर खाते चालू असावे लागते, म्हणून आधी फोन शोधण्याचा व दुरूनच कुलूपबंद करण्याचा प्रयत्न करावा आणि साइन आउट त्यानंतर. आत जाताना ओटीपी त्याच हरवलेल्या फोनवर जाणार असेल, तर पाकिटातले ते दहा संकेतांक आता उपयोगी पडतात. ते नसतील तर त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळेपर्यंत थांबावे लागते. पोलिसांत तक्रार नोंदवून केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बंद करून घेण्याचे कामही याच वेळी करावे.

दुरून साइन आउट केल्यावर नवे ईमेल त्या फोनवर पोहोचायचे थांबतात, पण आधीच उतरलेले काही तिथे राहू शकते. त्यामुळे फोन आपल्या हाताला लागणार असेल, तर खाते हातानेच काढलेले चांगले. काढल्यानंतर 'युअर डिव्हाइसेस' च्या यादीत त्या फोनचे नाव काही दिवस 'साइन आउट झालेला' म्हणून दिसत राहिले, तरी काळजीचे कारण नाही.

एखादे जुने खाते सगळ्याच फोनवरून काढून विसरून जाणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवावे, की सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल त्यातल्या सामग्रीसह पुसू शकते. वर्षातून एकदा संगणकावर उघडून एखादा ईमेल वाचला, की ते वापरात राहते.

मामेबहिणीच्या फोनवरून मी माझे खाते भाऊबीजेला काढले, ती घरी आली होती तेव्हा. वर सांगितलेल्या पायऱ्यांनी अर्ध्या मिनिटात काम झाले, आणि पुढच्याच मिनिटाला तिचा चेहरा उतरला: रिक्षाकाका, गॅसवाला, शिवणक्लास, वर्षभरात तिने जोडलेले सगळे क्रमांक तिच्या फोनवरून गेले होते, कारण ते साठवले गेले होते माझ्या खात्यात. मग माझ्या फोनवरच्या संपर्कांच्या ॲपमध्ये तिची नावे एकेक निवडून, 'शेअर' करून, व्हॉट्सॲपवर तिला पाठवली, तिच्या नव्या खात्यात ती साठवून दिली आणि त्यानंतरच माझ्याकडची पुसली. सगळी मिळून एकोणऐंशी होती. 'पिंकी रिक्षाकाका' नावाने तीन क्रमांक निघाले. त्यांतला कोणता चालू आहे, हे मात्र तिलाही सांगता येईना.